साखळीहून नेत्रावळीमार्गे काणकोण: भरलेला पिकअप, चार टायर आणि दोन बॅटऱ्या

कार्तिक लागला की आमच्या भजनी मंडळाला दक्षिण गोव्यातून बोलावणी येतात. यंदा पहिलं भजन नेत्रावळीला, दुसरं काणकोणात. माणसं पाच. हौद्यात दोन मोठे स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, पेटी, पखवाज, जाजमं आणि स्वयंपाकाची भांडी. भजन रंगात आलं आणि वीज गेली, असं दोनदा झाल्यावर गेल्या वर्षी गाडीत दुसरी बॅटरी बसवून घेतली. अ‍ॅम्प्लिफायर आणि दिवे त्या बॅटरीवर, इन्व्हर्टर लावून चालतात. या वाटेने सामान भरून जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

साखळी, वाळपई, उसगाव, धारबांदोडा, सांगे आणि मग नेत्रावळी असा जाण्याचा मार्ग. येताना काणकोणहून मडगाव, पणजी. सगळं मिळून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. धारबांदोडा ते सांगे या पट्ट्यात खाणीच्या ट्रकांनी रस्त्याच्या कडा खाल्लेल्या आहेत. समोरून ट्रक आला की डावं चाक खाली उतरतं आणि डांबराची धार थेट टायरच्या बगलेला लागते. तिथे वेग कमी करून पूर्ण खाली उतरावं. अर्धं चाक वर, अर्धं खाली असं ओढत नेऊ नये.

माझी पहिली चूक घरीच झाली होती. हवा तपासली ती आदल्या संध्याकाळी, बाजारातून आल्या आल्या. गरम टायर तीन-चार पीएसआय जास्तच दाखवतो. मला वाटलं, ठीक आहे. शिवाय मागच्या चाकांत रिकाम्या गाडीचीच हवा होती. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे असतात. माझ्या गाडीत मागच्या चाकांना भरल्यावर दहा पीएसआय जास्त लागते. सामान चढवल्यावर, सकाळी गाडी हलवण्याआधी, स्वतःच्या गेजने मोजा. पंपावरचा आकडा गेजशी एकदा ताडून पाहा, फरक निघतो.

नेत्रावळीत गोपीनाथाच्या देवळाजवळ ते प्रसिद्ध बुडबुड्यांचं तळं आहे. संध्याकाळी तिथे टाळ्या वाजवून बुडबुडे पाहिले आणि भजनाला बसलो. अपेक्षेप्रमाणे साडेनऊला वीज गेली. दुसऱ्या बॅटरीवर दोन तास उत्तम भजन झालं. गावातली म्हातारी माणसं भैरवीपर्यंत उठली नाहीत.

सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टिकटिक. गाडीच्या मूळ बॅटरीवर मल्टिमीटर लावला: ११.६ व्होल्ट. दुसरीवर लावला: तेही ११.६. तिथेच सगळं कळलं. दोन बॅटऱ्यांच्या मध्ये एक रिले असतो. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं की तो दोघींना जोडतो, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा डायनॅमो) दोघींना चार्ज करतो. इंजिन बंद झाल्यावर व्होल्टेज १२.८ च्या खाली आलं की तो तोडतो, म्हणजे तुम्ही दुसरी कितीही वापरा, गाडी सुरू करायला पहिली भरलेली राहते. आमच्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटून बसले होते. रात्रभर दोन्ही बॅटऱ्या एकच होत्या आणि अ‍ॅम्प्लिफायरने दोन्ही ओढल्या.

ही तपासणी घरी पाच मिनिटांत होते. इंजिन बंद करून अर्धा तास थांबा. दुसऱ्या बॅटरीवर दिवे लावा आणि दोन्हींवर मीटर धरा. दुसरीचं व्होल्टेज उतरताना पहिलीचंही उतरू लागलं तर रिलेने जोडणी तोडलेली नाही, तो चिकटला आहे. भरलेली साधी बॅटरी निवांत असताना १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, आणि त्याखाली पुन्हा पुन्हा नेली तर तिचं आयुष्य फार लवकर संपतं. मी निघण्याआधी हे केलं असतं तर पुढचा दीड तास वाचला असता.

मदतीला सगळे धावले. एका मोठ्या ट्रकचे ड्रायव्हरदादा आपणहून केबल घेऊन आले. त्यांना हात जोडून नको म्हटलं, कारण मोठे ट्रक आणि बस २४ व्होल्टवर चालतात. आपल्या १२ व्होल्टच्या गाडीला ती वीज दिली तर बॅटरी फुटू शकते, गाडीतला कॉम्प्युटर जळू शकतो. मग दुधाचा पिकअप आला, तो १२ व्होल्टचा. लाल केबल त्याच्या धन टोकापासून आपल्या धन टोकाला, काळी त्याच्या ऋण टोकाला, आणि शेवटचं काळं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून दूर. बॅटरीजवळ ठिणगी नको. त्याआधी दोन बॅटऱ्यांमधली वायर मी सोडवून टाकली, नाहीतर येणारी वीज रिकाम्या दुसरीतच गेली असती.

वायर सोडवताना आणखी एक गोष्ट दिसली, तिने मात्र काळजात धस्स झालं. ज्या गॅरेजमध्ये हे काम करून घेतलं त्यांनी फ्यूज फक्त पहिल्या बॅटरीपाशी टाकला होता. दोन्ही टोकांना बॅटरी असते तेव्हा मधली वायर कुठेही घासून उघडी पडली तर वीज दोन्हीकडून धावते. म्हणून प्रत्येक बॅटरीजवळ, वीतभर अंतरात, एकेक फ्यूज हवाच. तुमच्या गाडीचं काम झालेलं असेल तर आजच बॉनेट उघडून बघा. दुसरी बॅटरी माणसं बसतात त्या केबिनमध्ये असेल तर ती सीलबंद, पाणी न घालायची एजीएम प्रकारचीच हवी. पाणी घालायची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि तो पेट घेतो. आणि बीएस-सहा (धुराच्या नव्या नियमांची) गाडी असेल तर साधा रिले घेण्याआधी ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारा. यातल्या बऱ्याच गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, मग रिले जोडलाच जात नाही. तिथे डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. महाग पडतो, पण दुसरी बॅटरी पूर्ण भरते.

उशीर झालाच होता, तरी रिवणजवळ उसगळीमळला थांबलो. कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर कोरलेले बैल, हरणं आणि तो चक्रव्यूह पाहायची आमच्याबरोबरच्या काकांची फार दिवसांची इच्छा. शेवटच्या कच्च्या तुकड्यात मागचं डावं टायर चिऱ्याच्या कडेवर घासलं आणि बगलेला दोन बोटं चीर पडली. हवा कमी आणि वजन जास्त, त्यामुळे बगल बाहेर फुगलेली होती.

स्टेपनी हौद्याखाली साखळीला टांगलेली. पावसाळाभर चिखल आणि खारी हवा खाऊन साखळीची चक्री गंजली होती. तेल सोडून, ठोकून वीस मिनिटांनी सुटली. दर दोन महिन्यांनी स्टेपनी खाली उतरवा, चक्रीला ग्रीस लावा आणि हवा भरा. जॅक ओल्या मातीत बसतो, म्हणून आम्ही नेहमी जाड फळी नेतो. ती इथे कामी आली.

बगलेची चीर पंक्चरसारखी काढता येत नाही, कोणी काढून देतो म्हणालं तरी भरलेल्या गाडीला नको. कुडचड्यात नवं टायर घेतलं. साइजबरोबर लोड इंडेक्सही बघा. आमच्या टायरवर १११ आहे, म्हणजे एका टायरला १०९० किलो. दुकानदार आधी मोटारीचं, कमी आकड्याचं दाखवत होता. टायरच्या बगलेवर डॉट (DOT) अशी अक्षरं असतात, त्यापुढचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष, ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. ते वाचूनच पैसे द्या.

करमल घाट दुपारी उतरलो, खालच्या गिअरमध्ये, ब्रेकला विश्रांती देत. काणकोणच्या चावडीला चाकांचे नट पुन्हा आवळले. नवं चाक चढवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरांनी हे करावंच लागतं. रात्री काणकोणात वीज गेली नाही, तरी दुसरी बॅटरी पहिलीपासून सुटीच ठेवली होती.

सकाळी मंडळींना गालजीबागचा किनारा दाखवला. गाडी सुरूच्या झाडांपाशी, रस्त्यावर ठेवली. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे, आणि इथे तर कासवं अंडी घालतात. घरी पोचल्यावर गाडीखालून गोडं पाणी मारलं, टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून, व्हॅसलीन लावलं. नवा रिले आणि दुसरा फ्यूज या शनिवारी बसतो आहे. इलेक्ट्रिशियनच्या शेजारी मी मीटर घेऊन उभा राहणार आहे.