टाउन हॉलची बाग, दसरा चौक आणि तो भाऊसिंगजी रोड

कोल्हापूर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने टाउन हॉलचे दीडशे मागितले, वर ‘बाग दहा मिनिटांत होते, मग अंबाबाईला सोडतो’ असंही ऐकवलं. दोन्ही थापा. स्टेशन ते दसरा चौक हे अंतर पायी वीस मिनिटांचंही नाही, टाउन हॉल तिथून जरासाच पुढे. मीटर टाकणार नसेल तर बसूच नका.

बाग ठीक आहे, सावली बरी. खरं काम आतल्या इमारतीत. चार्ल्स मांटने आराखडा केलेला हा गॉथिक टाउन हॉल १८७६ मध्ये पुरा झाला. आता तिथे संग्रहालय आहे. इथल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला काशाचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, बघाच. वीतभर मूर्ती, पण रोमशी चाललेल्या व्यापाराचा पुरावा पंचगंगेकाठी मिळालेला! आबालाल रहिमान यांची चित्रंही सोडू नका. सोमवारी कुलूप असतं.

मग दसरा चौक. दसऱ्याला सोनं लुटतात तो हाच. इथे मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, चित्रदुर्ग मठ असे जवळजवळ. शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहांना जागा आणि पैसा दिला, म्हणून खेड्यातली पोरं शहरात टिकली. कर्मवीर भाऊराव पाटील जैन बोर्डिंगातच राहायचे. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर बोर्डिंगवाले आंघोळ करून आत ये म्हणाले, भाऊरावांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. पुढे रयत शिक्षण संस्था काढणारा माणूस इथूनच बाहेर पडला, हे रस्त्यावरून जाताना कुणी सांगत नाही. वाचून या, नाहीतर नुसत्या भिंती दिसतील.

इथून बिंदू चौकाला जायला मला सगळ्यांनी सीपीआर रुग्णालयावरून भाऊसिंगजी रोड सांगितला. रविवारी तो रस्ता म्हणजे शिक्षा. फुटपाथवर दुचाक्या, रस्त्यावर भाविकांच्या गाड्या, मध्ये आपण. कुणाचं कोपर लागलं, हॉर्नने कान गेले. लक्ष्मीपुरीतून जा, तिथेही गर्दी आहे पण माणूस चालू शकतो.

बिंदू चौकात फुले आणि आंबेडकरांचे पुतळे आहेत. समाजसुधारक भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने ते ९ डिसेंबर १९५० ला बसले, बाबासाहेब हयात असताना. तुरुंगाची भिंत समोरच. पाय दुखत होते तरी तिथून हलवेना. सकाळी लवकर निघालात तर हे सगळं जेवणाआधी होतं.