ब्लेकनीच्या खाजणाकाठी: चालण्याची नोंद, दिवस ४

इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यावरच्या ब्लेकनी गावात यंदा मुक्काम हलवायचा नाही, हे ठरवूनच आलो. मागच्या खेपेला नॉरफोक कोस्ट पाथ या किनाऱ्यालगतच्या पायवाटेवर रोज नवं गाव आणि पाठीवर सगळं सामान. अंतर भरपूर कापलं, खाजण मात्र बघायचं राहून गेलं. आता सहाही रात्री ब्लेकनीतच.

दिवस १ आणि २: बांधावरून क्लाय गावापर्यंत आणि परत. एका बाजूला खारं खाजण, दुसऱ्या बाजूला गोड्या पाण्याचं कुरण. ५ डिसेंबर २०१३ च्या उधाणात हाच बांध फुटून समुद्र आत घुसला होता. आज त्याच्यावरून चालताना त्याची उंची पावलागणिक जाणवते.

दिवस ३: याच किनाऱ्यावरच्या वेल्स गावापर्यंत सुमारे १२ किलोमीटर, परतीला बस. वाट सपाट, पाय ठीक.

आजचा दिवस मात्र जन्मभर लक्षात राहील. काल अमावास्या झाली. कोकणात तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात, अमावास्येला ती दुपारी बाराच्या सुमाराला येते. इथे नेमकं उलटं! उधाणाची भरती सकाळ-संध्याकाळ, भर दुपारी ओहोटी. म्हणून भरतीचं छापील कोष्टक कायम खिशात.

सकाळी सातलाच मॉर्स्टन गावापाशी जाऊन बसलो. पाणी समोरून येईल म्हणून समुद्राकडे बघत होतो, आणि ते आलं पाठीमागून. खाजणात शिरलेले खाडीचे वळणावळणाचे फाटे आधी भरतात. मधली जमीन तेव्हाही कोरडीच असते, पण परतीची वाट केव्हाच तुटलेली असते. पुढ्यात कोरडं दिसतंय म्हणून आत जायचं नाही, हे आज डोळ्यांनी पाहून पटलं.

आणखी एक गोष्ट जमू लागली आहे: झाडांवरून जमिनीची उंची ओळखणं. उघड्या चिखलात सॅम्फायर ही मांसल, खारी वनस्पती असेल तर तिथे जवळपास प्रत्येक भरती पोहोचते. सी लॅव्हेंडरच्या फुलांचा जांभळा पट्टा त्याहून वर, तिथे मोठ्या भरतीचंच पाणी. राखाडी पानांचं सी पर्सलेन हे झुडूप फाट्यांच्या काठाने रांग धरून उभं असतं, म्हणजे लांबूनही फाटा कुठे आहे ते कळतं. उंचीतला फरक अगदी थोडा, पण एकाच जागी चार दिवस फिरल्याशिवाय मला तो दिसला नसता.

उद्या स्टिफ्की गावाकडे, ओहोटीच्या वेळेला. वाट सोडणार नाही.