लेफ्ट बॅकची जागा

साडेसातला फ्लेक्सवाल्याचा तिसरा फोन आला. "दहा नावं आल्यात. अकरावं कधी देताय? दुकान बंद करायचंय मला."

त्याचं काही चुकत नव्हतं. चुकत होतं ते आमचं. सच्याच्या गोडाऊनमागं एक खोली आहे. २००३ पासून आम्ही लंडनच्या आर्सेनल क्लबच्या फुटबॉल मॅच तिथंच बघतो. एक टीव्ही, दोन बाकं आणि सिमेंटच्या पोत्यांचा वास. यंदाच्या पावसात भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे सुटले. रंग द्यायचं सगळ्यांच्याच जिवावर आलेलं, म्हणून सच्यानं तोडगा काढला की फ्लेक्स लावून झाकू. कोल्हापुरात म्हशीच्या वाढदिवसालासुद्धा फ्लेक्स लागतो, आर्सेनलच्या आजवरच्या सगळ्यात भारी अकरा जणांचा लावला तर काय बिघडलं? दहा बाय सहाचा ठरला.

पहिली दहा नावं पाऊण तासात उरकली. गोलीला सीमन. सच्याचा भाचा अभ्या लेमानवर अडून बसला होता, कारण २००३-०४ ला लीगच्या ३८ च्या ३८ मॅच तो खेळला आणि त्यातली एकही आपण हरलो नाही. २६ जिंकल्या, १२ बरोबरीत. पण २००६ च्या चॅम्पियन्स लीगच्या पॅरिसच्या फायनलला १८ व्या मिनिटाला रेड कार्ड घेऊन तो बाहेर गेला होता. त्या रात्री आम्ही याच बाकांवर होतो, त्यामुळं लेमान बाद. राईट बॅकला डिक्सन. मधे टोनी ॲडम्स, त्याच्यावर चर्चा करायची नसते. २१ व्या वर्षी कॅप्टन झाला, १९८३ ते २००२ एकाच क्लबात. त्याच्या जोडीला सोल कॅम्पबेल. पुढं व्हिएरा, ब्रॅडी, पिरेस, ल्युंगबर्ग, आणि सगळ्यात पुढं बर्गकॅम्प आणि हेन्री. १८५ गोल केलेला इयान राइट बाहेर बसला, याचं मला अजून वाईट वाटतं. पण हेन्रीचे २२८ आहेत, काय करणार.

राहिला लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचाव सांभाळणारा.

"विंटरबर्न," सच्या म्हणाला.

"ॲशली कोल," धन्या म्हणाला.

आणि मग जे सुरू झालं ते दोन तास.

विंटरबर्न माझाही आवडता. १९८९ ला लीगच्या शेवटच्या मॅचला लिव्हरपूलच्या घरी जाऊन दोन गोलांनी जिंकायचं होतं, तरच लीग आपली. त्यातला पहिला स्मिथनं डोक्यानं मारला तो विंटरबर्नच्या फ्री किकवर. दुसरा मायकेल थॉमसनं अगदी शेवटी मारला, तो जगाला माहीत आहे. पण ती मॅच आमच्यापैकी कुणी लाइव्ह बघितलेली नाही. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो आणि आमच्या घरी टीव्हीही नव्हता.

कोलला मात्र आम्ही डोळ्यांनी बघितलंय. पिरेस बॉल घेऊन आत सरकायचा, हेन्री डावीकडं यायचा, आणि त्या दोघांच्या बाहेरनं, लाइनीला चिकटून, हे पोरगं सुसाट निघायचं. समोरच्या राईट बॅकनं बघायचं तरी कुणाकडं? आणि बॉल हातचा गेला की पुन्हा आपल्या जागेवर पहिला पोचलेला तोच असायचा. पोर्तुगालमधल्या २००४ च्या युरोत त्यानं कोवळ्या रोनाल्डोला कसं बांधून ठेवलं होतं, ते आठवून धन्या आजही उठून उभा राहतो आणि हात पसरून दाखवतो.

"खेळाचं कोण बोलतंय?" सच्या म्हणाला. "गद्दार हाय त्यो."

(हा शब्द हल्ली महाराष्ट्रात मोठ्यानं उच्चारायची सोय राहिलेली नाही. शेजारचा माणूस लगेच तुमचा पक्ष विचारतो.)

प्रकरण असं. कोल लंडनचाच, आर्सेनलच्या पोरांच्या संघातनं वर आलेला. आठवड्याला ६० हजार पौंड मिळतील असं तो धरून चालला होता आणि क्लबनं देऊ केले ५५ हजार. ते फोनवर ऐकून गाडी रस्ता सोडून खाली जायची वेळ आली, असं त्यानंच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. क्लबला न सांगता लंडनमधल्याच चेल्सी क्लबच्या माणसांना भेटला, दंड भरला, आणि २००६ ला शेवटी चेल्सीला गेलाच. बदल्यात आपल्याला त्यांचा खेळाडू गॅलास आणि वर काही रोकड. पुढं लोक त्याचा चेहरा छापलेल्या खोट्या नोटा त्याच्यासमोर फडकवायचे.

धन्या म्हणाला, "ब्रॅडी १९८० ला इटलीत युव्हेंटसला गेला. व्हिएरा तिकडंच गेला. हेन्री बार्सिलोनाला गेला. त्यांना कोण काय म्हणत नाही."

"ते परमुलखात गेले. ह्यो शेजारच्या पेठेत गेला."

कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला हे वाक्य कळायचं नाही. इथं प्रत्येक पेठेची तालीम आणि तालमीचा फुटबॉल संघ. सीझनच्या आधी खेळाडूंची नोंदणी झाली की कोण कुठं गेला यावर गल्लीगल्लीत पंचायत बसते. परगावचा किंवा परदेशी खेळाडू आला-गेला तर त्याचं कुणाला काही नसतं. पण आपल्या गल्लीत जन्मलेलं पोरगं शाहू स्टेडियमवर दुसऱ्या रंगाचा टी-शर्ट घालून उतरलं, तर त्याच्या आईला भाजी आणायला जाणं अवघड होतं.

अभ्या मोबाइलमधनं मान वर न काढता म्हणाला, "मामा, मग कॅम्पबेल कुठनं आला?"

कॅम्पबेल आला टॉटनहॅममधनं. २००१ ला, करार संपवून, फुकटात. आमच्या सख्ख्या वैऱ्याच्या घरातनं, त्यांचा कॅप्टन. तिकडं त्याला आजही शिव्या पडतात आणि इकडं आम्ही त्याला ॲडम्सशेजारी उभा केलेला.

"आला त्यो वेगळा. गेला त्यो वेगळा," सच्या म्हणाला. यावर तो स्वतःच थोडा हसला.

धन्या हसला नाही. मला ते आधीच कळायला हवं होतं.

धन्या आमच्या तालमीचा लेफ्ट बॅक होता. २००९ ला तो पलीकडच्या पेठेत गेला. त्यांनी एका पतसंस्थेत चिकटवतो म्हणून शब्द दिला होता, घरात बहिणीचं लग्न होतं. पुढं ती नोकरी आठ महिने टिकली. आमच्याविरुद्धच्या मॅचला आम्ही गॅलरीत सगळ्यात पुढं बसलो होतो. कोलवर नोटा फडकवल्याचं आम्ही ऐकून होतो. मग मी माझ्या धाकट्या भावाच्या 'व्यापार'च्या डब्यातल्या नोटा उचलल्या आणि धन्या थ्रो घ्यायला लाइनीवर आला तेव्हा मूठभर उधळल्या. आयडिया माझी होती, हे इथं पहिल्यांदा लिहितोय. सच्या फक्त ओरडत होता. वाऱ्यानं एक नोट जाळीपलीकडं जाऊन धन्याच्या बुटाजवळ पडली. तो वाकला, ती उचलली, घडी घालून मोज्यात खोचली आणि थ्रो टाकला. आमच्याकडं बघितलंही नाही. त्यानंतर दोन वर्षं तो या खोलीत आला नाही. पुन्हा यायला लागला तेव्हा कुणी विषय काढला नाही, आणि तसंच पुढं चाललं.

आता तो बाकावर बसून चहाच्या कपाचा कान चोळत होता. "पाच हजाराचं काय नसतंय रे," तो म्हणाला. "पोरगा घरचाच हाय, जातोय कुठं, असं धरून चालतात ना, ते लागतंय. मला आपल्या तालमीतनं एकानं तरी विचारलं असतं ना, बाबा का चाललायस, तर मी गेलो नसतो."

खोलीत फक्त पंख्याचा आवाज. अभ्यानंसुद्धा मोबाइल उलटा ठेवला.

"ती नोट अजून हाय माझ्याकडं," धन्या म्हणाला. "पाचशेची. पोरगं व्यापार खेळताना वापरतंय."

काय बोलावं ते न सुचून मी एडी हॅपगुडचं नाव काढलं. तोही लेफ्ट बॅक, १९३० च्या दशकातला, पाच लीग जिंकलेला. आधी ब्रिस्टलमध्ये घोडागाडीवरनं दूध घालायचा. १९२७ ला आला तेव्हा एवढा किडकिडीत की जड बॉलला डोकं लावलं की भोवळ यायची. कारण गडी शाकाहारी. ट्रेनर व्हिटाकरनं त्याला मटण खायला लावलं. पुढं १९३४ ला आर्सेनलच्या हायबरी मैदानावर इंग्लंडनं इटलीला ३-२ नं हरवलं तेव्हा हा कॅप्टन, संघात आर्सेनलचे सात जण, आणि याचं नाक मोडलेलं.

"शाकाहारी?" सच्या म्हणाला. "कोल्हापुरात फ्लेक्सवर?"

"नंतर सुधारला की," धन्या म्हणाला आणि जरा हसला.

हॅपगुडवर सगळ्यांनी माना हलवल्या. मेलेल्या माणसाला कोण गद्दार म्हणणार? सच्यानं फ्लेक्सवाल्याला नाव पाठवलं. मी बाहेर येऊन गाडीला किक मारायच्या आधी त्याच फ्लेक्सवाल्याला मेसेज केला : ॲशली कोल.

मला वाटलं होतं तो फोन करून विचारेल, दोघांतला कुठला. त्यानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स आला तो बारा जणांचा. हॅपगुड काळापांढरा, आणि उजव्या कोपऱ्यात खाली कोल. त्याचा फोटो नेटवरनं घेतलेला, तो नेमका चेल्सीचा. फ्लेक्सवाल्यानं निळा शर्ट लाल करून टाकलाय, पण छातीवरचं सॅमसंग मोबाइल तसंच राहिलंय.

सच्यानं बोट लावून माणसं मोजली. मग परत मोजली. माझ्याकडं बघितलं, धन्याकडं बघितलं आणि कात्री आणायला गोडाऊनमधे गेला. परत आला आणि कोपरा उचलून बघितला, तर सगळ्यात जास्त ओल तिथंच.