क्रूझचा शेवटचा सी डे
आज दिवसभर कुठलंच बंदर नाही, नुसता समुद्र, आणि खरं सांगू का, मला हाच दिवस सगळ्यात जास्त आवडला. सकाळी ट्रिव्हियाला बसलो, एका टीममध्ये माणसं कमी होती म्हणून त्यांनी आम्हाला ओढून घेतलं, आणि एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर हे फक्त त्यांच्यातल्या एका आजींना माहीत होतं, काय भाव खाल्ला त्यांनी नंतर!! मग टॉवेलचे हत्ती बनवायचा क्लास. आमच्या हत्तीची सोंड काही केल्या उभी राहीना. दुपारी बिंगो, मोठा जॅकपॉट शेवटच्या दिवसासाठीच राखून ठेवलेला म्हणून हॉल खचाखच, बायको एका नंबरने हुकली आणि अजून फुगून बसलीये. बंदरात असलं की कसिनो आणि ड्यूटी फ्री दुकानं बहुतेक वेळा बंदच असतात, त्यामुळे आज तिथे नुसती जत्रा. पूलकडे फिरकलोच नाही, लोक पहाटेच टॉवेल टाकून खुर्च्या अडवतात, हा प्रकार मला अजिबात पटत नाही. आता बॅगांना टॅग लावून रात्री केबिनबाहेर ठेवायच्यात, आणि बायकोने माझे उद्याचे कपडेपण त्यातच भरलेत वाटतं, शोधतोय 😄