एरर वरून वाचा
आजचा अख्खा दिवस पायथनच्या पॅकेजांची (तयार कोडच्या संचांची) भांडणं सोडवण्यात गेला. पिपनं (पॅकेजेस इन्स्टॉल करणाऱ्या टूलनं) लाल अक्षरं दाखवली की सगळे शेवटची ओळ वाचतात. खरं कारण त्याच्या वर असतं: कुठल्या पॅकेजला कशाचं कोणतं व्हर्जन हवंय.

आकडेमोडीच्या नमपाय पॅकेजचंच घ्या. २०२४ मध्ये २.० आलं आणि जुन्या १.एक्स आवृत्त्यांवर कंपाइल केलेली कितीतरी पॅकेजेस इम्पोर्टलाच कोसळू लागली. अशा पॅकेजची नवी आवृत्ती मिळत नसेल तर नमपाय २ च्या खाली ठेवा. पण कमांडमध्ये 'नमपाय<२' अवतरणचिन्हांतच लिहा, नाहीतर शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) '२' नावाची फाइल शोधायला जातो!

हे सगळं नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्येच (पॅकेजांसाठीच्या वेगळ्या जागेत) करा, मग सगळी पॅकेजेस एकमेकांशी जुळतात का ते बघायला 'पिप चेक' चालवा. 'नो-डेप्स' (पॅकेजला लागणारी इतर पॅकेजेस वगळणारा पर्याय) वापरून एरर दाबू नका, कृपया. ती पुढे रनटाइमला बाहेर येतेच.