हरणाचा स्टेक: एकतर पाच मिनिटं, नाहीतर चार तास

शिकारीचं मांस म्हटलं की लोक दोनच गोष्टी बोलतात, उग्र वास येतो आणि चिवट लागतं. बरं बोलणाऱ्यातल्या निम्म्यांनी ते कधी खाल्लेलं नसतं आणि उरलेल्यांनी खाल्लेलं असतं ते कोणीतरी अगदी चामडं होईपर्यंत शिजवलेलं. त्या बिचाऱ्या जनावराचा यात काहीच दोष नसतो हो, दोष असतो तो मारल्यानंतर पहिल्या काही तासांत काय झालं त्याचा आणि नंतर ज्याने कोणी गॅसवर ठेवून विसरून जायचं काम केलं त्याचा. आधीच सांगून टाकते, हे सगळं जिथे शिकारीला किंवा हरीणपालनाला कायद्याने परवानगी आहे तिथल्याबद्दल आहे. चोरटी शिकार करून आणलेल्या मांसाबद्दल मला एक ओळही लिहायची नाहीये.

तर मूळ मुद्दा असा की हरीण हे आयुष्यभर चालणारं, पळणारं जनावर. त्याच्या स्नायूंना सतत ऑक्सिजन लागतो, तो साठवून ठेवणारं मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन त्यात भरपूर असतं, म्हणून मांसाचा रंग इतका गडद, जवळपास बीटासारखा. आणि चरबी जवळपास नाहीच, कच्च्या मांसात साधारण दोन-तीन टक्के. बीफमध्ये मांसाच्या आतच चरबीच्या बारीक रेषा असतात, त्या वितळतात आणि तुम्ही जरा जास्त शिजवलंत तरी झाकून नेतात. हरणात झाकायला कोणी नाही. साठ डिग्री सेल्सियसच्या पुढे गेलात की स्नायूंचे धागे आखडतात, आतलं पाणी पिळून बाहेर येतं आणि हातात राहतो भुसा. म्हणून माझा नियम एकच, एकतर पटकन करून मोकळं व्हा नाहीतर चार तास मंद आचेवर सोडून द्या. मधलं जे वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं प्रकरण असतं ना, तिथेच सगळी बदनामी झालेली आहे.

स्टेकसाठी कुठला भाग, तर पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी लांबलचक जाणारा मांसाचा पट्टा, आणि त्याच्याही आतल्या बाजूला कण्याखाली असणारा छोटा तुकडा, जो सगळ्यात मऊ. मागच्या मांडीतले काही स्नायू वेगळे काढले तर त्यांचेही चांगले स्टेक होतात, पण ते सोडवून घ्यायला हात बसावा लागतो.

आता खरं काम. त्या पट्ट्यावर एक चंदेरी, चकचकीत पापुद्रा असतो. तो काढल्याशिवाय पुढे जायचंच नाही. हा पापुद्रा बराचसा इलास्टिन नावाच्या रबरासारख्या प्रोटीनचा असतो आणि इलास्टिन कितीही शिजवलं तरी विरघळत नाही, उलट तव्यावर पडल्या पडल्या आकसतो आणि अख्खा स्टेक वाटीसारखा वाकडा करून टाकतो. पातळ लवचिक सुरी घ्यायची, टोक पापुद्र्याखाली घालायचं, थोडासा भाग सुटला की तो बोटांनी घट्ट धरायचा आणि सुरीची धार वरच्या बाजूला, म्हणजे पापुद्र्याकडे ठेवून, हळूहळू पुढे सरकवायची. धार मांसाकडे केलीत तर निम्मं मांस पापुद्र्याबरोबर जातं. नीट जमलं की लांब पारदर्शक रिबिनीसारखा निघून येतो आणि खालचं मांस गडद, ओलसर, गुळगुळीत दिसतं. मला स्वयंपाकातली फार थोडी कामं इतकी शांत करतात.

मग जाड कापायचं, निदान तीन-चार सेंटीमीटर, पातळ कापलंत तर वरून रंग येईपर्यंत आतून शिजून गेलेलं असतं. मीठ लावून ठेवायचं जमलं तर आदल्या रात्रीच, फ्रीजमध्ये उघडं. सकाळी वरचा भाग कोरडा होतो आणि कोरडा असला की रंग छान येतो, ओला असला की आधी वाफच निघत बसते. करायच्या आधी पुन्हा एकदा टिपून घ्या. बिडाचा तवा कडकडीत तापवायचा, थोडं तेल, स्टेक टाकायचा आणि मग त्याला चिमट्याने सारखं ढोसायचं नाही. एका बाजूला दोन-अडीच मिनिटं, उलटून तेवढीच, शेवटी आच कमी करून एक चमचाभर लोणी, ठेचलेली लसूण, असली तर रोजमेरी, आणि तवा तिरका करून ते फेसाळलेलं लोणी चमच्याने वरून ओतत राहायचं. लोणी आधी घालू नका, जळतं.

आतलं तापमान बावन्न-चोपन्न डिग्रीला आलं की मी उतरवते, बाजूला ठेवल्यावर ते अजून दोन-तीन डिग्री आपोआप चढतं. पाच-सात मिनिटं हात लावायचा नाही, मग धाग्यांना आडवं कापायचं. आतून गुलाबी-लाल, कडेला तपकिरी. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला अख्ख्या तुकड्यांना त्रेसष्ट डिग्री आणि वर तीन मिनिटं विश्रांती असा आहे, खिम्याला एकाहत्तर. मी जे करते ते हॉटेलवाले करतात तसं आहे, माहिती असलेल्या ठिकाणचं मांस असेल तरच आणि स्वतःच्या जबाबदारीवर. घरात कोणी गरोदर असेल, लहान मुलं, म्हातारी माणसं असतील, तर त्यांना हा गुलाबी प्रकार द्यायचाच नाही. अर्धवट शिजलेल्या हरणातून टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो. त्यांच्यासाठी सरळ मंद आचेचा पदार्थ करा, तोही काही कमी नाही.

वासाचं म्हणाल तर तो बहुतेक वेळा चरबीतून येतो. हरणाच्या चरबीत स्टिअरिक अॅसिड जास्त असतं, त्यामुळे ती लवकर गोठते, जेवता जेवताच टाळूला मेणाचा थर बसल्यासारखं होतं. म्हणून बीफची चरबी जशी ठेवतो तशी इथे ठेवायची नाही, दिसेल तेवढी काढून टाका, आणि ताटं गरम करून वाढा, हे नखरे वाटतात पण फरक लगेच कळतो. दुसरं कारण मुळातच, शिकारीच्या जागी. लायसन्सवर शिकार करणारा माझा एक मित्र आहे, तो म्हणतो स्वयंपाक तिथेच सुरू होतो. गोळी नीट लागली, जनावर जागच्या जागी पडलं, लगेच पोट साफ करून ते थंड केलं तर मांस गोड. तेच जखमी होऊन लांबवर पळालं तर स्नायूंमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपून जातं, मग मेल्यानंतर मांसात जेवढं लॅक्टिक अॅसिड तयार व्हायला हवं तेवढं होत नाही आणि ते मांस काळपट, चिकट राहतं, खराबही लवकर होतं. त्यानंतर शून्य ते चार डिग्रीत आठवडाभर, कधी त्याहून जास्त, टांगून ठेवतात. मांसातलीच एन्झाइम्स धागे सैल करतात. हे घाईघाईने उरकलेलं मांस आणि व्यवस्थित टांगलेलं मांस, एकाच जनावराचं असलं तरी दोन वेगळ्या प्राण्यांचं वाटावं इतका फरक.

ते दुधात, ताकात रात्रभर बुडवून ठेवायचं असतं म्हणे. ठेवा, रक्त थोडं सुटतं, बाकी चांगल्या मांसाला काही गरज नाही. व्हिनेगर-लिंबात दोन दिवस मुरवणं तर मला अजिबात पटत नाही, आंबट मॅरिनेड वरच्या काही मिलिमीटरच्या पलीकडे जातच नाही, वरचा भाग मात्र पिठूळ होतो. आणि एवढं महागामोलाचं मांस आणून त्यावर मसाल्यांचा असा मारा करायचा की खाली काय आहे ते कळूच नये, तर मग ते आणलंतच कशाला?

मान, खांदा, नळी (पायाचा खालचा हाडासकटचा भाग) हे चार तासवाले. यांच्यात कोलॅजन, म्हणजे मांस बांधून ठेवणारं चिवट प्रोटीन, भरपूर, ते मंद आचेवर विरघळून जिलेटीन होतं आणि रस्सा बोटाला चिकटेल इतका दाट होतो. नळी अख्खी ठेवा, सगळीकडून लाल करून घ्या, कांदा-गाजर, रेड वाइन नाहीतर नुसता स्टॉक, ज्युनिपर या झुडपाचे पाच-सहा सुगंधी दाणे ठेचून, झाकण लावा आणि विसरा. उकळू द्यायचं नाही, मधूनच एखादा बुडबुडा आला पाहिजे. हाड हातात घेऊन हलवलं की मांस सुटून पडलं म्हणजे झालं. बरोबर काहीतरी आंबटगोड हवं, चेरी, करवंदासारखी आंबट फळं, ब्लॅककरंट या आंबट फळाचा जॅम, काहीही. फिनलंडमध्ये रेनडिअरचं मांस अर्धवट गोठलेलं असताना पातळ पातळ तासतात, लोण्यात परतून मंद शिजवतात आणि बटाट्याच्या मॅशवर घालून बरोबर लिंगनबेरी ही छोटी लाल आंबट फळं देतात, थंडीतलं जेवण म्हणजे याहून वेगळं काय असतं मला माहीत नाही. खिमा करायचा असेल तर त्यात दहा-पंधरा टक्के डुकराची चरबी मिसळा, नाहीतर पॅटी तव्यावरच भुगा होऊन पसरेल.

बाकीच्या जनावरांचं थोडक्यात. कांगारू साधारण हरणासारखंच, तसंच लालभडक, तसंच बिनचरबीचं, तीच ट्रीटमेंट. पाळीव ससा आणि रानातला मोठा ससा, ज्याला इंग्रजीत हेअर म्हणतात, हे दोन एकदम वेगळे, पहिल्याचं मांस पांढरं, चिकनच्या जवळ जाणारं, दुसऱ्याचं काळपट लाल आणि दमदार, त्याला वाइनमध्ये तास न् तास लागतात. सशाची एक गंमत म्हणजे नुसता ससा खाऊन माणूस उपाशी मरू शकतो. चरबी इतकी कमी की सगळी ऊर्जा प्रोटीनमधून घ्यावी लागते आणि लिव्हरला एका मर्यादेपलीकडे ते झेपत नाही, मळमळ, जुलाब, अशक्तपणा. उत्तर कॅनडातल्या लोकांना हे चांगलं ठाऊक होतं. रानबदकाची छाती मात्र स्टेकसारखीच करायची, कातडीची बाजू खाली ठेवून थंड तव्यात सुरुवात करायची म्हणजे चरबी सावकाश सुटते. मासे खाणारी बदकं असतात त्यांची कातडीच काढून टाका, त्या चरबीला माशाचा वास येतो आणि तो कशानेही जात नाही.

रानडुक्कर आणि अस्वल यांना गुलाबी ठेवायचा विचारसुद्धा करायचा नाही. त्यांच्यात ट्रायकिनेला नावाचा जंत असू शकतो आणि उत्तरेकडच्या अस्वलांतल्या त्याच्या काही जाती फ्रीझिंगलाही दाद देत नाहीत. 2022 मध्ये अमेरिकेत साउथ डकोटाला एक कुटुंब एकत्र जमलं होतं, कॅनडात मारलेल्या काळ्या अस्वलाचं मांस पंचेचाळीस दिवस फ्रीझरमध्ये ठेवलेलं, त्याचे कबाब केले. मांसाचा रंगच इतका गडद की कच्चं आहे की शिजलं कोणाला कळलंच नाही, खाताना लक्षात आलं तेव्हा पुन्हा भाजलं. सहा जण आजारी पडले आणि त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, त्याच सळईवरच्या भाज्या खाल्ल्या होत्या! म्हणून शिकारीच्या मांसात रंगावर भरवसा ठेवायचा नाही, थर्मामीटर घ्या, मांसाच्या सगळ्यात जाड भागात खुपसा, एकाहत्तर दिसल्याशिवाय अस्वल खाली उतरवू नका.

हरणांमधला जो क्रॉनिक वेस्टिंग डिसीज आहे, म्हणजे जनावर झिजत झिजत मरतं तो मेंदूचा रोग, 1967 मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसलेला, तो प्रायॉनमुळे, म्हणजे आकार बिघडलेल्या प्रोटीनमुळे, होतो आणि प्रायॉन शिजवून मरत नाही. माणसाला झाल्याची सिद्ध झालेली केस नाही, पण जिथे हा रोग आहे तिथे जनावर तपासून घ्या आणि पॉझिटिव्ह आलं तर खाऊ नका असा सरळ सल्ला आहे. शिशाच्या गोळीचंही तसंच, ती आत फुटते आणि डोळ्याला न दिसणारे कण जखमेपासून बरेच लांब जातात, म्हणून जखमेच्या आजूबाजूचं मांस सढळ हाताने कापून फेकायचं, कंजूषपणा करायचा नाही. तांब्याच्या गोळ्या वापरणारे लोक वाढतायत ते बरंय.

पहिल्यांदाच खाणार असाल तर न्यूझीलंडचं फार्मवरचं हरीण शोधा. तिथे हरीण मुळात नव्हतंच, एकोणिसाव्या शतकात गोऱ्या लोकांनी शिकारीसाठी नेऊन सोडलं, ते इतकं वाढलं की जंगलं खाऊन टाकायला लागलं, सरकारने पगारी शिकारी नेमले, आणि 1970 च्या आसपास कोणाच्या तरी डोक्यात आलं की हेच पाळून विकू या. आता हरणाचं मांस निर्यात करण्यात त्यांचं नाव पुढे आहे. तरुण जनावर, गवतावर वाढलेलं, त्यामुळे चव सौम्य आणि दर वेळी सारखी. जंगलातल्याची खोली त्याला नाही असं माझं मत, पण नवख्या माणसाला घाबरवत नाही.

आणि हो, हरणाची कलेजी मिळाली तर त्याच दिवशी खा, पातळ काप, गरम लोणी, एका बाजूला मिनिटभर, बस. फक्त कलेजी म्हणजे सगळ्यांचीच चांगली असं समजू नका. 1596-97 च्या हिवाळ्यात बॅरेंट्स या डच दर्यावर्दीची मंडळी उत्तर ध्रुवाकडच्या नोव्हाया झेमल्या बेटावर बर्फात अडकली होती, त्यांनी ध्रुवीय अस्वलाची कलेजी खाल्ली, त्यात व्हिटॅमिन ए इतकं की त्यांच्यातले तिघं मरता मरता वाचले आणि त्यांची डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलून निघाली.