तुम्ही विचारलंत म्हणून: मांजराला दूध का देत नाही?

चहाचं पातेलं चढवलं की ठमी ओट्याशी येऊन बसते आणि घरी आलेलं माणूस हमखास म्हणतं, "अगं, घाल की तिला थोडं!" मी "तिला चालत नाही" म्हणते आणि विषय बदलते. परवा वन्संनी पुन्हा विचारलं. वर "आमच्याकडे मांजरं दुधावरच वाढली" हेही म्हणाल्या. म्हणून एकदाच नीट सांगते.

ठमी माझं पहिलं मांजर नाही. तिच्याआधी एक पिल्लू होतं. चारच दिवस होतं. त्याचं नाव ठेवायचंही राहिलं.

जुलैतला पाऊस, डोंबिवलीतली आमची सोसायटी. मीटररूममध्ये पोत्यावर ते एकटंच ओरडत होतं. डोळे नुकते उघडलेले, निळसर, पण कान अजून नीट उभे राहिले नव्हते. म्हणजे दहा-बारा दिवसांचं असणार, हे आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की ते भुकेलं आहे. वर आणलं, गाईचं दूध कोमट केलं, पचायला हलकं म्हणून निम्मं पाणी घातलं आणि औषधाच्या ड्रॉपरनं पाजलं. मांडीवर उताणं घेऊन, आपण बाळाला घेतो तसं. ते प्यायलं. इवलासा पंजा माझ्या बोटावर दाबत प्यायलं. त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी पिवळी, पातळ शी झाली. पोट साफ होतंय, असं मी म्हटलं. तिसऱ्या दिवशी ते झोपूनच होतं. पोट भरलंय म्हणून झोपलंय, असं म्हटलं. पंजे गार लागत होते, तर पावसाळा आहे असं म्हटलं. रात्री दोनला ते बारीक आवाजात रडलं. मी घाईघाईनं ड्रॉपर जरा जोरात दाबला. दूध नाकातून आलं. एका नाकपुडीवर पांढरा बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. मी ओढणीनं पुसत राहिले.

सकाळी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तळहातावर घेतलं, तोंडात बोट घातलं आणि म्हणाले, आतूनही गार आहे. काट्यावर १४० ग्रॅम भरलं. या वयाला दोनशेच्या आसपास हवं होतं. मग त्यांनी विचारलं, काय पाजलंत, कसं धरलंत, शू करवत होता का? तिसरा प्रश्न मला समजलाच नाही. एवढ्या लहान पिल्लाला स्वतःहून शू होत नाही. आई चाटते तेव्हा होते. आई नसेल तर दर वेळी ओल्या कापसानं हलकेच पुसून करवायची असते. दुपारी चारच्या सुमाराला ते टॉवेलातच गेलं.

मांजरीच्या दुधात जेवढी प्रथिनं असतात त्याच्या साधारण निम्मीच गाईच्या दुधात असतात, चरबीही कमी. त्यात मी पाणी घातलं होतं. पोट भरत होतं, पण अंगाला काही लागत नव्हतं. जुलाबात पाणी गेलं, अंग गार पडलं, आणि गार पडलेल्या पिल्लाचं पोट काहीच पचवत नाही. मी त्याला उबेत न घेता पाजतच राहिले. नेमकं कशानं गेलं? दुधानं, गारठ्यानं, की नाकातून फुप्फुसात गेलेल्या त्या थेंबांनी? डॉक्टर म्हणाले, सगळंच असेल.

आणि वन्सं, तुमच्या वाड्यातली मांजरं आईला लुचून मोठी झाली होती. वाटीपर्यंत आली तेव्हा ती पळत होती, उंदीर मारत होती. एका वेतातली किती जगली हे कोणी मोजलं? नाहीशी झालेल्या पिल्लांना आपण म्हणायचो, भाटीनं सात घरं फिरवायला नेली.

पण वन्संशी भांडून काय करू? माझ्याही हातात फोन होता. दोन मिनिटांत कळलं असतं. शोधायचं सुचलंच नाही, कारण मांजर म्हणजे दूध हे मला कोणी शिकवावंच लागलं नव्हतं. कधी वाटतं, मी जीव लावून केलं. कधी वाटतं, जीव लावला म्हणजे काय झालं? त्यात वॉचमननं नंतर सांगितलं, त्याच संध्याकाळी एक भाटी मीटररूममध्ये पोतं हुंगत फिरत होती. मी तासभरही वाट पाहिली नव्हती. पिल्लं हलवताना मांजर एकेक करून नेते. लांब उभं राहून बघायला हवं होतं. पण ते भिजलेलं होतं, ओरडत होतं. आज पुन्हा तसंच दिसलं तर मी थांबेन का? खरंच माहीत नाही.

ठमी पुढच्या वर्षी आली, जेमतेम दोन आठवड्यांची. या वेळी आधी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. पंजे आणि तोंड ऊबदार लागेपर्यंत एक थेंबही नाही. मग पिल्लांसाठीची दूधपावडर, कोमट, मनगटावर थेंब टाकून बघितलेली. बिनसुईची सिरिंज. पिल्लू पालथं, आईला लुचताना असतं तसं, मान किंचित वर. ते गिळेल तेवढंच, त्याच्या गतीनं. दर तीन तासांनी, रात्रीही. केकसाठी घेतलेल्या वजनकाट्यावर रोज सकाळी वजन, वहीत आकडे: २१२, २२३, २२५, २३९. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवेत. ज्या दिवशी दोनच वाढले त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता ती साडेतीन किलोंची आहे. मोठ्या मांजराला चमचाभर दुधानं काही होईलच असं नाही. काहींना पचतं, बऱ्याच जणांना पचत नाही. हे मला कळतं. तरीही माझा हात होत नाही आणि तो व्हावा म्हणून मी प्रयत्नही करत नाही.

दूध वर यायला लागलं की ती मान वर करून बघते. मी गॅस बंद करते आणि तिच्या वाटीत ताजं पाणी घालते.